बबल सीपॅप तालुक्याच्या दवाखान्यात हवं की नको?

रानवारा
माझा भाचा बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. पहिल्या मिनिटापासून कण्हत होता, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडायचे. उपजिल्हा रुग्णालयात नुसता ऑक्सिजन होता. जिल्ह्याला पोहोचेपर्यंत अडीच तास गेले. तिथे नाकात बारीक नळ्या लावल्या आणि श्वास बाहेर जाण्याच्या नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं. यालाच बबल सीपॅप म्हणतात. बुडबुडे सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत कण्हणं थांबलं. जेवढी नळी खोल तेवढा दाब, म्हणून फुप्फुसातले फुगे श्वास सोडतानाही मिटत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. १९७१ पासून जगाला माहीत असलेला उपाय तालुक्याला का मिळू नये?

पाळीवरची सिस्टर
दादा, बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. पण माझा विरोध आहे. अकरा वर्षं नवजात कक्षात काम करतेय. सीपॅप लावायला दहा मिनिटं पुरतात, सांभाळायला अख्खी पाळी लागते. नळी जरा सरकली की बुडबुडे बंद. घट्ट बसवली तर नाकाचा मधला पडदा चेपून काळा पडतो. पोटात हवा भरते, तिच्यासाठी तोंडातून पोटात नळी ठेवावी लागते. हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर नसेल तर बाळाला शुद्ध ऑक्सिजन जातो, आणि कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा त्यानेच बिघडतो. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायचं तर कुणीतरी सतत बघायला हवं. रात्री एकटी सिस्टर प्रसूतीही बघते, वॉर्डही. ती हे कधी करणार?

रानवारा
मग अडीच तास बाळानं धापत राहायचं? तिथून नेताना वाटेत गेलेली बाळं कुणी मोजतं का?

बालवैद्य
सिस्टरशी बराचसा सहमत. २००८ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात २५ ते २८ आठवड्यांच्या बाळांना जन्मताच सीपॅप दिलं. फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठण्याचं प्रमाण त्यांच्यात ९ टक्के होतं, थेट श्वासनलिकेत नळी घातलेल्यांत ३. तिथे दाब ८ सेंटिमीटर पाण्याइतका होता, आपण ५-६ ठेवतो, आणि ३२ आठवड्यांचं बाळ दणकट असतं, हे मान्य. तरी अशी हवा साठली तर रात्री दोनला छातीत सुई घालणारा तिथे कोण आहे?

आणि मला याहून महत्त्वाचं वाटतं ते आईचं इंजेक्शन. १९७२ मध्ये ऑकलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी दाखवलं की वेळेआधी कळा आल्यावर आईला स्टिरॉइड दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा. स्वस्त औषध आहे. सगळे डोस झाले नाहीत तरी पहिला द्यायचाच. तुमच्या बहिणीला दिलं होतं का?

रानवारा
आता फाईल काढून बघितली. कळा सकाळी नऊला सुरू, बाळ पहाटे तीनला. इंजेक्शनची नोंद नाही.

पाळीवरची सिस्टर
अठरा तास होते, दादा. दोन डोस बसले असते.

रानवारा
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या रुग्ण कल्याण समितीला पत्र देतोय. सीपॅपची मागणी सोडत नाही, पण ब्लेंडर आणि रात्रीची दुसरी सिस्टर या दोन गोष्टी आधी मागतो. प्रसूती कक्षात त्या इंजेक्शनचा तक्ता कसा लावतात, तेवढं सांगाल का?