निसर्गातील आकृतिबंधावरून वाकळ शिवायची आहे, मांडणी कशी ठरवावी?

प्रश्न (रंकाळ्याजवळून, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांची पाच सुती लुगडी, एक काळी चंद्रकळा आणि खणाचे काही तुकडे मी जपून ठेवले असून, त्यांतून मुलीसाठी साडेसात फूट लांब व पाच फूट रुंद वाकळ शिवण्याचा विचार आहे. सासूबाईंची सारी हयात रानात गेली, त्यामुळे वाकळेवरही रानातलेच काही यावे अशी माझी इच्छा आहे. चौकोनी तुकड्यांच्या दोन वाकळी मी यापूर्वी शिवल्या आहेत; वेगळी मांडणी मात्र प्रथमच करते आहे.

माझ्या मनात तीन आकृती आहेत : मधमाश्यांच्या पोळ्यातील षट्कोन, सूर्यफुलातील बियांची वळणे आणि चैत्र-वैशाखात आमच्या काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा. दोन इंच बाजूचे सात षट्कोन मशिनवर जोडून पाहिले, तर मधल्या तुकड्याला घोळ आला आणि कोपऱ्यांत भोके राहिली. कुठे चुकते आहे? आणि या तिन्ही आकृती एकाच वाकळेत बसवता येतील का?

प्रतिसाद (गडहिंग्लज)

ताई, मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. शिवणकाम माझ्या पत्नीचे. तिच्याशेजारी बसून कागदावर आकृत्या काढण्याचे काम माझ्याकडे असते. माझे स्पष्ट मत असे की तिन्ही आकृती एकत्र घेऊ नयेत, कारण त्या दिसायला वेगळ्या आहेत एवढेच नव्हे, तर त्या घडतातही वेगवेगळ्या रीतीने, आणि जी आकृती जशी घडते तशीच तिची शिवण येते.

समान बाजू आणि समान कोन असलेल्या आकृत्यांपैकी केवळ त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन हेच एका जातीचे तुकडे फट न ठेवता पृष्ठभाग भरून काढतात. त्यांत तेवढ्याच क्षेत्रफळासाठी षट्कोनाची कड सर्वांत कमी लागते. समान क्षेत्रफळाच्या कोणत्याही आकारांच्या मांडणीत याहून कमी कड लागूच शकत नाही, हे थॉमस हेल्स यांनी 1999 साली सिद्ध केले. पोळ्यात मेण वाचते ते यामुळे. आपल्या पन्हाळा तालुक्यात बांदिवडे येथे बेसाल्टचे जे खांब आहेत, तेही लाव्हा थंड होऊन आकसताना असेच बहुकोनी तडकलेले आहेत. मात्र शिवणाऱ्याच्या दृष्टीने अडचण अशी की षट्कोनांच्या मांडणीत प्रत्येक कोपऱ्यावर तीन शिवणी 120 अंशांत एकत्र येतात आणि तिथून एकही सरळ पुढे जात नाही. तुमचा घोळ तिथलाच आहे. शिवाय एका षट्कोनाचे क्षेत्रफळ सुमारे 10.4 चौरस इंच आणि वाकळेचे 5400 चौरस इंच, म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास तुकडे लागतील, याचाही विचार व्हावा.

सूर्यफुलात प्रत्येक नवी बी आधीच्या बीपासून सुमारे 137.5 अंशांवर येते आणि त्यामुळे एका दिशेला 34, तर दुसऱ्या दिशेला 55 अशी वळणे मोजता येतात. मध्यापासून कडेकडे जाताना तुकड्याचा आकार बदलत राहतो, त्यामुळे एकाच साच्यावर सगळे तुकडे कापता येत नाहीत.

भेगांचे तसे नाही. माती वाळू लागली की प्रथम एक लांब भेग पडते. तिच्यामुळे आडव्या दिशेचा ताण सुटतो आणि काठाशी फक्त तिला समांतर ताण उरतो, म्हणून नंतरची भेग तिला येऊन मिळते ती बहुधा काटकोनात, आणि तिथेच थांबते. लांब शिवण आधी घालायची आणि बारक्या शिवणी तिच्यापाशी संपवायच्या, असा हा सरळ हिशेब आहे.

प्रतिसाद (कागल)

काकांनी भेगांचे जे सांगितले, ते आम्ही नकळत करतच आलो आहोत. चिंध्या जोडताना दोन लहान तुकडे आधी जोडून घ्यायचे, मग त्यांची सलग कड मोठ्या तुकड्याला लावायची. फक्त हा क्रम उलटा आहे हे ध्यानात असू द्या : मातीत मोठी भेग आधी पडते, शिवताना मात्र शेवटची, बारकी भेग पहिल्यांदा शिवावी लागते. म्हणून संपूर्ण आकृती वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून वाकळेच्या मापाची काढा, प्रत्येक भेगेवर ती पडण्याच्या क्रमाचा आकडा घाला आणि मोठ्या आकड्यापासून शिवायला घ्या.

ताई, षट्कोनांची चूक मला दिसते ती अशी. तुम्ही शिवण कापडाच्या टोकापर्यंत नेली असणार. पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) ठेवली असेल, तर शिवण कोपऱ्याच्या खुणेवरच थांबवून तिथे दोरा पक्का करावा लागतो. हाताने करणार असाल तर जाड कागदाचे षट्कोन कापून, माया त्यांवर दुमडून कच्चे टाके घालावेत आणि कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडावे. कोपरे अगदी जुळून येतात.

एक सावधगिरी मात्र हवी. भेगा तिरप्या असतात, म्हणजे कापड औरेब, विणीला तिरके, कापले जाणार, आणि जुने लुगडे औरेब कडेला ओढले की सैल पडते. कापण्याआधी त्याला हलकी खळ देऊन इस्त्री करा. खण कडक असतो, त्याच्याशेजारी विरलेले लुगडे जोडले तर ते पहिल्या धुण्यातच शिवणीपाशी फाटते. तेव्हा अशा लुगड्याच्या मागे मलमलीचे अस्तर लावा.

पुन्हा मी (रंकाळ्याजवळून)

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. मी भेगाच घ्यायचे ठरवले आहे. भेगेच्या जागी चंद्रकळेची सव्वा इंचाची पट्टी घातली, तर दोन्ही बाजूंची माया जाऊन पाऊण इंचाची काळी रेघ उरेल. लांब भेगांना ती पाऊण इंच ठेवावी आणि बारक्यांना अर्धा इंच, असे मनात आहे. सूर्यफुलाची वळणे धावदोऱ्यात आणली तर चालतील का?

प्रतिसाद (कागल)

पट्टीचा विचार फार चांगला आहे. बारक्यांसाठी एक इंचाची पट्टी कापा. चंद्रकळेचा काळा रंग सुटतो का, ते ओले पांढरे फडके घासून आधी पाहा.

सूर्यफूल मात्र राहू द्या. आपल्याकडे वाकळेचा धावदोरा कडेने सुरू होऊन चारी बाजूंनी आत येतो, आणि वळणे मध्यातून बाहेर जातात. दोन्ही दिशांनी टाके घातले की मधे कापड फुगते आणि ते नंतर कितीही झटकले तरी बसत नाही. तुमच्या काळ्या पट्ट्यांवर टाका न घालता त्यांच्या दोन्ही कडांनी, बोटभर अंतरावरून धावदोरा न्या. टाक्यांमुळे दोन्ही बाजूंचे कापड दबेल आणि पट्टी थोडी उचललेली राहील. ती खोल दिसावी असे वाटत असेल, तर उलट करा : पट्टीवरच दाट टाके घाला आणि तुकडे मोकळे सोडा. मी हे दुसरे करीन. आपल्या रानातली भेग हात आत जाईल एवढी खोल असते, ती वाकळेवर उंच दिसून कशी चालेल?