नाईक यशवंत घाडगे व्हीसी: सातवीतल्या मुलीने भाषणात नक्की काय सांगावं?

श्रीवर्धनची_काकू

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझी पुतणी सातवीत आहे, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत, 15 ऑगस्टला तिला पाच मिनिटं बोलायचंय आणि सरांनी विषय दिलाय आपल्या रायगड जिल्ह्यातला वीर. बाकी सगळी पोरं किल्ला आणि मावळे घेणार हे उघड आहे. हिचं आजोळ माणगावचं, तिथे तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगेंचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) हे पदक मिळालेल्या जवानाचा, पुतळा आहे तो तिने लहानपणापासून बघितलेला, म्हणून हिने त्यांचं नाव दिलं.

आता अडचण अशी की माहिती शोधायला बसलो तर एका फॉरवर्डमध्ये त्यांनी बारा जर्मन मारले, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात तर ते एकटेच रणगाड्यावर चढलेत. खरं काय ते सांगा. दुसरं म्हणजे सासरे म्हणाले तो इंग्रजांसाठी मेला, त्याचं 15 ऑगस्टला काय काम, आणि पोरगी तेव्हापासून तोंड पाडून बसलीय. तिसरं मला स्वतःला पडलेलं, शेवटी त्यांनी बंदुकीने मारून मारून दोघांना ठार केलं असं वाचलं, हे बारा वर्षांच्या मुलीने स्टेजवर बोलायचं का? की नुसतं शौर्य गाजवलं म्हणून पुढे जायचं?

खेडचा_फौजी

ताई, मी मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालोय, आम्हाला बेळगावला रिक्रूट असतानाच हे नाव पाठ करून घ्यायचे. पन्नास वगैरे सोडा. पदकाच्या मानपत्रात जे आहे तेवढंच सांगतो.

10 जुलै 1944, इटली, टायबर नदीच्या वरच्या अंगाचं खोरं, पलटण 3/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. कंपनीचा हल्ला चालू होता, समोर पक्की मोर्चेबंदी. घाडगे नाईक म्हणजे दोन फितीवाले, एका सेक्शनचे कमांडर, सेक्शन म्हणजे आठ-दहा जवान धरा. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि कमांडर सोडून सेक्शनमधला एकूण एक माणूस मेला किंवा जखमी झाला. इथे थांबून पोरीला विचार करायला सांगा. ज्यांना हुकूम द्यायचा ते सगळे आडवे झालेत, कव्हर द्यायला कोणी नाही, मागे सांगायला कोणी नाही. जमिनीला चिकटून पडून राहिला असता तर कोणीही त्याला भित्रा म्हणालं नसतं, मी तर नाहीच नाही.

तो उठून धावला. आधी ग्रेनेड टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या ऑटोमॅटिक गनने, आणखी एकाला उडवला. मॅगझीन संपली, बदलायला वेळ नाही आणि समोर दोघे शिल्लक. तेव्हा त्याने गन उलटी केली, नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. म्हणजे सगळे मिळून चार, पन्नास नाही. आणि चार हा आकडा मला जास्त मोठा वाटतो कारण त्यातला प्रत्येक जण त्याला तोंडासमोर दिसत होता. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्या, छातीत आणि पाठीत. जी जागा घेतली तिथेच गेला. वय 22.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, सांगा. नुकत्याच चाललेल्या ऑटोमॅटिक गनची नळी कधी हाताला लागलीय का कोणाच्या? आमच्या वेळी कार्बाईन होती, फायरिंगनंतर चुकून बोट टेकलं तरी फोड यायचा. त्याने ती मुठीत धरली, आणि टॉमीगन साडेचार-पाच किलोची असते, उलटी धरून फिरवून बघा म्हणावं. हे एवढं सांगितलं की मुलांना कळतं, रक्ताचं वर्णन करायची काही गरज नाही.

तिरकस_तारकर्लीकर

फौजी काकांबद्दल आदर आहे पण काकूंच्या सासऱ्यांचं काय चुकलं सांगा. 1942 ला इथे लोक चले जाव म्हणून जेलमध्ये जात होते आणि हे इंग्रजाचा पगार घेऊन इटलीत. व्हिक्टोरिया क्रॉस, नावातच राणी आहे. शौर्य मान्य, पण 15 ऑगस्टचं स्टेज कशाला, दुसरा दिवस बघा की.

बाणकोट_खाडी

तारकर्लीकर, प्रश्न रास्त आहे आणि मी तर म्हणेन मुलीने तो भाषणातच घ्यावा, लपवू नये.

पण पलटणीत कोण जायचं तेही बघा ना. कोकणात पिकणार काय, एक भाताचं पीक, त्यातला वाटा खोताला, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याला, खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर 1949 च्या कायद्याने. घरातला एक मुंबईला गिरणीत, एक बोटीवर, एक पलटणीत आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात 25 लाखांच्या आसपास लोक होते, सगळे स्वतः भरती झालेले, आता त्यातला प्रत्येक जण राणीच्या प्रेमापोटी गेला असं कोणी म्हणत असेल तर त्याने आमच्या मंडणगड-दापोलीकडे येऊन जुन्या घरात विचारावं. आमचा दापोली कँप तर कंपनी सरकारच्या काळापासून पेन्शनर फौजींचा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आंबडव्याचे, लष्करातून रिटायर झाल्यावर दापोलीतच राहिलेले.

आणि समोर कोण होतं? हिटलरची फौज. त्यांनी जिंकायला हवं होतं का? दुसरं, युद्ध संपल्यावर याच वर्दीतल्या पोरांनी काय केलं तेही सांगा की. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत तलवार या नौदलाच्या केंद्रावर बंड सुरू झालं ते 78 जहाजांवर पसरलं, 20 हजार खलाशी. इंग्रजाला कळून चुकलं की आता फौजेचा भरवसा नाही. घाडगे 1944 लाच गेले, जगले असते तर कुठल्या बाजूला उभे राहिले असते हे मी किंवा तुम्ही कसं ठरवणार.

जरा विषयांतर होतंय पण सांगतो. आमच्या गावात चावडीच्या भिंतीत संगमरवराचा एक तुकडा बसवलाय, पहिल्या महायुद्धाचा. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यातले इतके मेले, बस. नाव एकाचंही नाही. चुना मारणाऱ्याने त्याच्यावरूनही ब्रश फिरवलाय, बोट फिरवलं की अक्षरं लागतात. असे दगड सातारा-रत्नागिरीकडे बऱ्याच गावांत आहेत. तिकडे इराकात बसऱ्याच्या स्मारकावर पण तीच तऱ्हा, गोऱ्यांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे फक्त आकडा. घाडगेंची 3/5 म्हणजे आधीची 110 वी मराठा, ती डिसेंबर 1915 ला तिकडेच इराकात कुतच्या वेढ्यात सापडलेली, 1916 च्या एप्रिलअखेर शरणागती झाल्यावर उरलेले कैदेत गेले आणि किती तरी परतलेच नाहीत. माझ्या मते कोणासाठी लढला हा वाद आपण आरामात घालू शकतो कारण घाडगेंचं निदान नाव तरी उरलंय.

खेडचा_फौजी

बाणकोटवाले, पुढचं पण लिहा की, हीच 3/5 पुढे 1952 ला 2 पॅरा, म्हणजे छत्रीधारी जवानांची पलटण झाली. इंग्रजाची पलटण म्हणून कोणी फेकून दिली नाही, भारताने तीच पुढे चालवली.

देवगड_बंदर

सगळं वाचतोय. आमच्याकडे पलटणीपेक्षा नेव्ही जास्त. 9 डिसेंबर 1971 ला, पाकिस्तानच्या युद्धात, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी घेऊन. कॅप्टन मुल्लांनी स्वतःचं लाईफजॅकेट दुसऱ्याला दिलं आणि बोटीबरोबर गेले हे सगळ्यांना माहीत असतं, त्यांना महावीर चक्र मिळालं ते योग्यच. पण बाकीचे 193?

आमच्या वाडीतला एक जण होता त्यात. मी बघितलेला नाही, त्याच्या आईला बघितलंय. अंगणात बसायची, कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "दर्यान नेल्यान, आता दिवो खंय लावचो?" तेरावं घातलं नव्हतं बरीच वर्षं, तार आली होती तरी. मुंबईहून बोट आली की धक्क्यावर जायची असं माझी आई सांगते.

हे का लिहितोय तर घाडगेंची पण समाधी नाही कुठे. इटलीत कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चार हजारांवर लोकांची नावं कोरलीत त्यात त्यांचं नाव आहे. 22 वर्षांचा मुलगा पळसगाव आमडोशीतून गेला आणि घरी आलं ते पदक. मुलीने ते पदक मिळालं म्हणून टाळ्या घ्याव्यात, पण ते कोणाच्या हातात आलं हे पण बोलावं.

तारकर्लीकरा, तुझ्या गावातले पण असतील रे नेव्हीत, त्यांच्या घरात जाऊन दुसरा दिवस बघा म्हणून सांगशील?

तिरकस_तारकर्लीकर

अरे बाबा मी शौर्यावर बोललोच नाही, दिवसावर बोललो. पण ठीक आहे, 1946 चं जोडून बोलणार असेल तर माझी हरकत नाही, नाहीतरी कोण विचारतंय माझी हरकत. एक ॲड करतो, 2023 च्या जुलैमध्ये इटलीत मोन्टोने गावात घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलंय, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली. ज्यांच्या गावात लढाई झाली त्यांनी 79 वर्षांनी केलं हे. इकडे माणगावला वर्षातून किती वेळा पुतळ्याची धूळ पुसली जाते ते काकूच सांगतील.

श्रीवर्धनची_काकू

धूळ असते हो, पण हारही असतो, खोटं नाही बोलणार.

तुम्हा सगळ्यांचं सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खुकरीचं ऐकून गप्प झाले, त्यांचे एक मित्र नेव्हीत होते ते मला आज कळतंय. मग म्हणाले बोलू दे तिला, पण खोतीचं नीट सांग म्हणावं, आमच्या घरात पण होतं ते. म्हणजे आता त्यांनाच त्यांची दोन मिनिटं हवीत! पुतणीने सरळ लाटणं उलटं धरून प्रॅक्टिस सुरू केलीय, तिला म्हटलं स्टेजवर लाटणं नाही न्यायचं.

खरी पंचाईत वेळेची. इटलीत एकूण 5,782 भारतीय जवान गेले, तिथल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना, हे पण तिने लिहून काढलंय, वर कुत, वर मोन्टोने. सर पाच मिनिटांना घंटा वाजवतात. काय कापू?

खेडचा_फौजी

आकडे कापा, पदकांची यादी कापा, कुत पण कापा, बाणकोटवाले रागावले तरी चालेल. सेक्शन पडल्यापासून पाठीतल्या गोळीपर्यंत अजिबात घाई करू नका, तिथे दोन मिनिटं द्या. आजोबांचा प्रश्न आणि 1946 एक मिनिट. उरलेल्यात त्याचं घर.

आणि ताई, तालीम घेताना गावाचं नाव नीट म्हणवून घ्या, पळसगाव, पळसगड नाही. पाहुण्यांत माणगावचा एखादा निघाला तर सगळं सोडून तेवढंच धरून बसेल.