उपाशी साखर १०८, जेवणानंतर १०२: असं होतं का?

प्रश्न (सांगली): जेवून दोन तासांनी साखर उपाशीपेक्षा कमी येऊ शकते?

उत्तर: येते. पहाटे यकृत साखर सोडत असतं. जेवल्यावर इन्शुलिन ते थांबवतं, स्नायू साखर ओढून घेतात. मात्र दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे.

उत्तर: जेवणानंतर साखरेखेरीज रक्तातले इतर घटकही बदलतात. इन्शुलिन वाढलं की मुक्त मेदाम्लं (रक्तात सुटी फिरणारी चरबी) आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारे घटक) उतरतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली साठवणीची चरबी) मात्र चढतात, तीन-चार तासांनी सर्वाधिक. तेलकट कट-वड्यानंतर रक्त काढलंत तर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) दुधाळ दिसेल.

उत्तर: आकडा कमी येण्यामागे नळीही असू शकते. रक्त कोणत्या नळीत घेतलं होतं? नमुना मिरजेला पाठवायचा तर साखरेसाठी करड्या टोपीची फ्लोराइड नळीच (आत पेशींना साखर खाऊ न देणारं रसायन असलेली) हवी. साध्या नळीत रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. फ्लोराइडही पहिला तास-दीड तास पुरता आवर घालत नाही, म्हणून नमुना बर्फात ठेवा, प्लाझ्मा (रक्तपेशी काढल्यावर उरणारा द्रव) लगेच वेगळा करा.