स्वस्तातला ट्रेल कॅमेरा घ्यायचाय: खोक्यावरच्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

मक्यात रात्री काहीतरी शिरतंय. बांधाच्या एका कोपऱ्यात ताटं आडवी पडलेली, कणसं अर्धवट चावून टाकलेली. खुरांचे ठसे आहेत, पण जमीन कोरडी, त्यामुळे नीट उमटत नाहीत. रानडुक्कर की हरीण, यावर घरात दोन पक्ष पडलेत. कुंपण कसलं घालायचं ते त्यावरच ठरणार (डुक्कर खालून मुसंडी मारतं, हरीण वरून उडी), म्हणून आधी ट्रेल कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावून बघायचं ठरवलंय.

अडचण अशी, की या कॅमेऱ्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यांना शिंगाचे फाटे मोजायचे असतात. मला एवढंच हवंय: कोण येतं, कितीजण, किती वाजता आणि कुठून. बजेट बेताचं आहे.

मेगापिक्सेलचं गौडबंगाल साधारण कळलं. स्वस्त कॅमेऱ्यावर ३० नाहीतर ४० मेगापिक्सेल असं ठळक छापतात, पण आतला सेन्सर बऱ्याचदा खूपच लहान आणि बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअरने भरलेले. फाइल फुगते, कार्ड लवकर भरतं, तपशील काडीचा वाढत नाही. तो आकडा बाद.

ट्रिगर स्पीडचं महत्त्व मात्र डोळ्यांनी पाहिलं. ओळखीच्या एकांचा जुना कॅमेरा काही रात्री आणून लावला होता. कार्डावर गवत, पुन्हा गवत, आणि एका फोटोत डाव्या कडेला मागचा एक पाय नि शेपटीचं टोक. त्या टोकावरून घरात पुन्हा दोन पक्ष. जनावर सेन्सरला जाणवल्यापासून फोटो निघेपर्यंत सेकंदभर गेला की चालतं जनावर चौकटीबाहेर पडतं, हे तेव्हा पटलं. आता अर्ध्या सेकंदाच्या आतलाच बघतोय. पण एक फोटो काढून दुसऱ्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, म्हणजे रिकव्हरी टाइम, खोक्यावर सहसा नसतोच. तो कसा काढायचा?

शिवाय तीन गोष्टींवर अडलोय. रात्रीचा इन्फ्रारेड फ्लॅश ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्यावा की ९४०चा? सिमकार्डवाला एक घ्यावा की त्याच पैशात साधे दोन? आणि सेलचा खर्च खरोखर किती अंगावर येतो?

जाणकारांनी कृपया सांगावं. कंपनीची नावं दिलीत तरी चालेल, पण 'काय बघायचं' ते आधी सांगा.

प्रतिसाद १

साधे दोन घ्या. डोळे झाकून.

सिमवाला कॅमेरा तिथे हवा जिथे रोज जाणं शक्य नाही. तुमचं शेत आहे, तुम्ही रोज जाताच. सिमवाल्यात कॅमेरा महाग, वर डेटाचा खर्च, आणि प्रत्येक फोटो पाठवताना सेल जळतात ते वेगळंच. तरी मोह झालाच तर तो ४जीवर चालतो का ते नक्की बघा. अनेक देशांत २जी, ३जी बंद झालंय किंवा होतंय, आणि तसला जुना माल 'स्वस्त' म्हणून खपवला जातो. वायफाय किंवा ब्लूटूथ लिहिलं असेल तर त्याला भुलू नका. ते झाडाखाली उभं राहून मोबाइलवर फोटो बघण्यापुरतं असतं, घरबसल्या काही दिसत नाही.

दोन असले की एक नुकसानीच्या कोपऱ्यात आणि दुसरा ज्या वाटेने जनावर येत असेल तिथे. 'कुठून' याचं उत्तर एका कॅमेऱ्याने मिळत नाही हो.

फ्लॅशचं म्हणाल तर ८५०. त्याचा उजेड लांब जातो, फोटो कमी दाणेदार येतो. समोरून बघितलं तर एलईडी मंद लाल दिसतात, एवढाच दोष. ९४० माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण पल्ला कमी आणि जनावर हललं की फोटो पुसट. कॅमेरा चोरीला जायची भीती असेल तरच ९४० घ्या.

आता खरी गोष्ट, जी खोक्यावर नसते: लावायची पद्धत. आतला पीआयआर सेन्सर आसपासच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं की जागा होतो. आडवं जाणारं जनावर त्याला चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. पण अगदी आडवं जाणारं चौकटीतून लगेच बाहेरही पडतं. म्हणून वाटेला काटकोनात न लावता तिरका लावा, साधारण ४५ अंशांत. मग जनावर आडवंही सरकतं आणि चौकटीत जास्त वेळ राहतं, थोडा मंद ट्रिगरही खपून जातो. उंची जनावराच्या खांद्याएवढी, अंतर तीन ते पाच मीटर. 'पल्ला २५ मीटर' वगैरे विसरा. उगवतीकडे किंवा मावळतीकडे तोंड नको. आणि समोरचं गवत कापा! तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की कार्ड गवताच्या फोटोंनी भरतं. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचे सगळेच गवताचे फोटो ट्रिगरमुळे होते असं मला वाटत नाही.

रिकव्हरी टाइम घरात तपासता येतो. व्हरांड्यात लावा, लागोपाठ तीन फोटो काढणारा 'बर्स्ट' बंद ठेवा, त्याच्यासमोर येरझाऱ्या घाला आणि फोटोंवर छापलेल्या वेळांमधलं अंतर बघा. अंधारातही करून बघा, कारण फ्लॅश लागला की हा वेळ वाढतो. परत करायची मुदत असतानाच हे उरका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. सेलबद्दल थोडं.

आठ सेलवाला कॅमेरा चार सेलवाल्यापेक्षा परवडतो, कारण बदलायला सारखं जावं लागत नाही. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि दिवसाचे फोटो ठीक येत असतानाच रात्रीचे काळे पडायला लागतात. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला! लिथियम सेल महाग, पण शेवटपर्यंत दम धरतात आणि थंडीत दगा देत नाहीत. रात्रीचा व्हिडिओ तूर्त बंदच ठेवा, तो सेल पितो.

मेमरी कार्ड ३२ जीबीचं पुरे. बरेच स्वस्त कॅमेरे त्याहून मोठं घेत नाहीत. कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन साधे, ८५०वाले, आठ सेलचे, हे नक्की. गवताचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, उद्याच विळा घेऊन जातो.

एक शेवटचं. घरात चार्जेबल निकेल सेल पडून आहेत, ते चालतील का?

प्रतिसाद २

पुस्तिका बघा. चार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५चा. आठ मिळून १२ऐवजी ९.६ व्होल्टच होतात. काही कॅमेरे ते गोड मानून घेतात, काही सेल भरलेले असतानाच 'बॅटरी संपली' म्हणून बंद पडतात. पुस्तिकेत चालतील असं स्पष्ट लिहिलं नसेल तर तो कॅमेरा सोडून दुसरा बघा. बाहेरून १२ व्होल्टची बॅटरी जोडायला भोक असेल तर उत्तमच, मग सेलची कटकटच नाही. फक्त वायर उंदरांपासून जपा.