अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा येतात आणि माला-डी चालू आहे. पक्षाघाताची भीती कितपत खरी?

कृष्णाकाठ:
वय ३४, दोन मुलं. अर्धशिशी कॉलेजपासून. दुखायच्या आधी नजरेच्या कडेला चकाकती नागमोडी रेघ उमटते, पसरत जाते, पेपरातल्या मथळ्याची मधली अक्षरं दिसेनाशी होतात. अर्ध्या तासात नजर मोकळी होते आणि डावं कानशील ठणकायला लागतं. धाकट्यानंतर माला-डी सुरू केली. जाऊबाईंच्या माहेरी चाळिशीतल्या एका बाईला पक्षाघात झाला, तिलाही अर्धशिशी होती म्हणतात. तेव्हापासून रेघ आली की जीव थाऱ्यावर राहत नाही.

इनामदार_काका:
उगाच घाबरू नका. आमच्या आईला जन्मभर अर्धशिशी, आता ऐंशीच्या घरात आहे, ठणठणीत.

रात्रपाळी:
काका, आईंना अशा रेघा दिसायच्या का? सगळा फरक तिथेच आहे.

ताई, मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. त्या रेघांना डॉक्टर 'ऑरा' म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट होतो. नुसती डोकेदुखी असेल तर तसा ठोस संबंध दिसत नाही. तुमच्या वयात मुळात हा धोका इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो थोडाच. म्हणून झोप उडवून घेऊ नका.

गोळीचं मात्र मनावर घ्या. माला-डीत इस्ट्रोजेन असतं, त्यानं रक्त गोठण्याकडे कल वाढतो. ऑरा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशी गोळी कुठल्याही वयात 'देऊ नये' याच गटात येते. मेडिकलवाला रेघांबद्दल विचारत नाही, आणि बायकाही स्त्रीरोगतज्ज्ञांना डोकेदुखीबद्दल सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. या आठवड्यातच दाखवा, तोवर निरोध वापरा. कॉपर-टीत हार्मोन नसतं, तिच्याबद्दल विचारा. आणि घरात मिश्री लावायची सवय असेल तर तीही सोडा, तो तंबाखूच आहे.

कृष्णाकाठ:
मिश्री नाही, बीपी नॉर्मल. पण रेघ आली की ती अर्धशिशीचीच हे ओळखायचं कसं? कधीकधी बोटांनाही मुंग्या येतात.

रात्रपाळी:
ऑरा सरकत येतो. मुंग्या बोटांतून मनगटाकडे, मग गालापर्यंत, मिनिटामिनिटानं चढतात आणि तासाभरात ओसरतात. पक्षाघात एकदम येतो: तोंड वाकडं, जीभ जड, एका बाजूची ताकद गेलेली. आम्ही पेशंटला दोन्ही हात, तळवे वर करून, समोर धरायला लावतो आणि डोळे मिटायला सांगतो. कमजोर हात आपसूक खाली येतो, तळवा आत वळतो. पेशंटला ते कळतही नाही.

असं काही दिसलं, किंवा नेहमीपेक्षा वेगळा, तासाहून लांबलेला ऑरा आला, तर झोपून बघू म्हणायचं नाही. १०८ लावा, सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

कृष्णाकाठ:
उद्याच दाखवते. डोकेदुखीसाठी सुमाट्रिप्टान घेते, ती चालेल ना?

रात्रपाळी:
त्या गोळीनं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेल्यांना देत नाहीत. तुम्हाला तसं काही नाही, बीपीही ठीक आहे. तरी दोन्ही पाकिटं सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.