मदत हवी आहे : बोटांच्या बेचक्यात केस रुतून गाठ झाली आहे, ऑपरेशन करावं का?

नमस्कार. वडिलांसाठी विचारते आहे. तालुक्याच्या गावी आमचं सलून आहे, अण्णा ३४ वर्षं दाढी-कटिंग करतात.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक काळा ठिपका दिसायला लागला. तीळ असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग तिथे वाटाण्याएवढी गाठ आली, मध्ये टाचणी जाईल एवढं भोक, दाबलं की चिकट पाणी. दवाखान्यात बुरशी समजून दोन महिने मलम दिलं, काही फरक नाही.

मागच्या सोमवारी दुकान बंद होतं, मी घरी होते. मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं तर भोकातून काळं टोक डोकावत होतं. चिमट्याने हलकेच ओढलं, केस आला. त्यामागून दुसरा. तिसरा चक्क पांढरा. अण्णांच्या बोटांवर लव सोडली तर केस नाहीत. हे सगळे गिऱ्हाइकांचे! इतकी वर्षं लोकांचे केस त्यांच्या हातात शिरत होते आणि आम्हाला पत्ता नाही, याचं फार वाईट वाटलं.

जिल्ह्याच्या सर्जननी बघताक्षणी पायलोनायडल सायनस सांगितलं, म्हणजे केस रुतून कातडीखाली झालेली पोकळ वाट. हा बहुतेक वेळा माकडहाडाजवळ होतो, पण कटिंग करणाऱ्यांना हाताच्या बेचक्यातही होतो. नावाचा अर्थच केसांचं घरटं. कापलेल्या केसाचं टोक कुसळासारखं असतं, हात सतत ओला राहून कातडी मऊ पडते, कात्री चालवताना बोटं एकमेकांवर घासतात आणि केस आत ढकलला जातो. केसावर बारीक खवले असतात, त्यामुळे तो मागे न येता आतच सरकतो. मग शरीर त्याच्याभोवती पिशवी करतं.

डॉक्टर म्हणतात कापून काढू. अण्णांना एकच भीती, उजवा हात आहे, वस्तरा पूर्वीसारखा धरता येईल ना? नुसते केस उपटून भागणार नाही का? दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझा धाकटा भाऊ कल्याणला सलूनमध्ये कारागीर आहे, त्याला हेच झालं होतं. लहान असेल, पू नसेल तर काही वेळा डॉक्टर केस काढून, जागा कोरडी ठेवायला सांगून थांबतात. पण पिशवी आणि वाट तयार झाली असेल तर केस काढूनही परत भरते. भावाने तीनदा उपटले, तीनदा भरलं. शेवटी बोट बधिर करून अख्खी वाट काढली, टाके घातले. पू असता तर आधी निचरा आणि औषधं, टाके नंतर, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला कात्री धरायला तीन आठवडे लागले, मूठ पूर्ण वळते. अण्णांचं किती दिवसांत होईल ते जखमेवर ठरेल.

घरी सुई-चिमटा पुन्हा लावू नका. हात सुजला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि साखर तपासून घ्या.

धागा काढणारी

खूप आभार. साखर तपासली, ठीक आहे. येत्या सोमवारची वेळ घेतली. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

प्रतिसाद १

दर गिऱ्हाइकानंतर बोटं फाकवून धुवायची, बेचकी टॉवेलने टिपून कोरडी करायची. भाऊ मशीन मारताना पातळ हातमोजे घालतो. रात्री उजेडात दोन्ही हात बघायचे, वर चिकटलेला केस तेव्हाच निघतो. चपला घालून उभं राहणाऱ्यांना पायाच्या बोटांतही होतं, तेव्हा बंद बूट बरे.

धागा काढणारी

हे वाचून अण्णांना फोन केला. दुकानातल्या पोराचे पाय बघायला सांगितले, तो बारा महिने स्लिपरवर असतो. अंगठ्याशेजारी काळा ठिपका आहे म्हणाले. सोमवारी त्यालाही सोबत नेते.