डेटाबेसमधील कन्स्ट्रेंटचे (टेबलातील माहितीवर घातलेल्या नियमाचे) नाव संपूर्ण स्कीमात (टेबलांच्या एका गटात) एकमेव असावे, की टेबलपुरते पुरे?

नोंदवही:
एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकानुसार कन्स्ट्रेंटचे नाव संपूर्ण स्कीमात एकमेव असले पाहिजे. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस हा नियम पाळतात. पोस्टग्रेस मात्र एकाच टेबलात नाव दुसऱ्यांदा येऊ नये, एवढेच पाहते. ही मुभा असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'पावत्या' आणि 'परतावे' या दोन्ही टेबलांवरील फॉरेन कीला (दुसऱ्या टेबलातील ओळीचा संदर्भ देणाऱ्या नियमाला) 'ग्राहक_संदर्भ' हेच नाव दिले, असे समजा. इन्फर्मेशन स्कीमातील (डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या संचातील) ज्या व्ह्यूमध्ये (तयार तक्त्यामध्ये) फॉरेन कीचे नियम मिळतात, त्यात टेबलच्या नावाचा रकानाच नाही, कारण नावावरून टेबल सापडेलच हे मानकाने गृहीत धरले आहे. मग टेबल शोधण्यासाठी नावावर जॉइन केला (नाव जुळणाऱ्या ओळी जोडल्या) की दोनऐवजी चार ओळी हाती येतात, आणि त्यांतल्या दोन खोट्या असतात.

साठेबाज_नाही:
मला हे पटत नाही. पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) टेबलाचा चेक (मूल्यांवरील अट) प्रत्येक पार्टिशनवर त्याच नावाने उतरतो आणि नाव जुळते म्हणूनच तो वारशाने आलेला नियम ठरतो. तेथे मानकाचा आग्रह धरला तर ही रचनाच कोलमडेल. शिवाय कन्स्ट्रेंट काढायचा तो 'ऑल्टर टेबल' या टेबलचे नाव घेणाऱ्या आज्ञेनेच, आणि फॉरेन कीचा भंग झाल्याच्या संदेशातही टेबलचे नाव असतेच. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा 63 बाइटांची आहे. देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांच्या वाट्याला त्यातून जेमतेम 21 चिन्हे येतात, कारण काना-मात्राही प्रत्येकी तीन बाइट घेतात. त्यात नाव एकमेव करण्यासाठी टेबलचे नाव पुढे जोडायचे, तर मूळ अर्थाला जागा उरते कुठे?

नोंदवही:
पार्टिशनचा मुद्दा मान्य आहे, पण तेथे ती नावे पोस्टग्रेस स्वतःच ठेवते. माझा आक्षेप आपण हाताने दिलेल्या नावांवर आहे. तपासणी कधी व्हावी हे ठरवणाऱ्या 'सेट कन्स्ट्रेंट्स' या आज्ञेत टेबलचे नाव देण्याची सोयच नाही. एका नावाचे अनेक कन्स्ट्रेंट असले तर ती त्या सर्वांवर लागू होते, असे पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच नमूद आहे. म्हणजे पावत्यांची तपासणी कमिटपर्यंत (बदल कायम होईपर्यंत) पुढे ढकलायची असताना परताव्यांचीही ढकलली जाऊ शकते, आणि चूक ज्या इन्सर्टमध्ये (ओळ भरताना) झाली तेथे न कळता कमिटच्या वेळी उघड होते. हे मला धोकादायक वाटते.

तिसरा_डोळा:
प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) आणि युनिक (मूल्य पुन्हा येऊ नये हा नियम) यांना त्याच नावाचा इंडेक्स (शोधसूची) लागतो, त्यामुळे त्यांची नावे स्कीमात एकमेव राहतातच. वाद उरतो तो फॉरेन की आणि चेक यांच्यापुरता. नाव दिलेच नाही तर पोस्टग्रेस टेबल व कॉलम जोडून स्वतः नाव तयार करते आणि स्कीमातील पुनरुक्ती टाळते. मग हाताने नाव देण्याचा अट्टाहास कशाला?

साठेबाज_नाही:
कॉलमचे नाव बदलले तरी ते तयार नाव तसेच राहते आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याची दिशाभूल करते, म्हणून. डिफरेबल (तपासणी पुढे ढकलता येणाऱ्या) फॉरेन कीपुरता एकमेव नावाचा नियम मी मान्य करतो. साध्या चेकवर तो लादायला माझा विरोध कायम आहे.